कॉइलवाले आजोबा

मी पैसे भरायच्या कार्डात दिवा बसवते, असं सांगितलं की टोकियोच्या निशी-कासाईतल्या आमच्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग बॅटरी कुठे असते?" बॅटरी नसतेच. दुकानातल्या यंत्राभोवती १३.५६ मेगाहर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड जवळ नेलं की आतल्या तांब्याच्या वेढ्यांत वीज उभी राहते, तिच्यावर चिप जागी होते आणि एलईडीही पेटतो. सगळा कारभार उसनवारीवर. एवढं मी कॉलेजातच शिकले होते. त्यापुढचं बरंचसं आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी शिकवलं.

आमच्या एदोगावा वॉर्डात भारतीय वस्ती वाढली ती २००० सालच्या आगेमागे, संगणकांच्या वायटूके अडचणीच्या कामासाठी अभियंते आले तेव्हा. मेट्रोची तोझाई लाइन थेट ओतेमाचीच्या बँकांपाशी नेते, आणि 'यूआर' या निमसरकारी संस्थेच्या वसाहतींत जामीनदार मागत नाहीत, ही त्यामागची साधी कारणं. १९७८पासून जपानात असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी त्या नवख्या पोरांच्या घरांसाठी आणि जेवणासाठी धावले. पुढे २०१९मध्ये आपले योगेंद्र पुराणिक इथल्या वॉर्ड सभेवर निवडून आले. मी आले तोवर वाट मळलेली होती. चंद्रानींचं ऋण आमच्याकडे सगळेच मानतात. आजोबांचं माझं एकटीचं.

त्यांनी उभी हयात इथल्याच एका छोट्या कारखान्यात रेडिओच्या कॉइल गुंडाळण्यात घालवली. तोंडावर आडनाव आणि 'सान', घरात मात्र 'कॉइलवाले आजोबा'. ओळख झाली ती दिवाळीच्या चकल्यांमुळे. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत फक्त आपलीच, असं मला वाटायचं. आजोबांनी डब्यातून कोमात्सुना पाठवली. ही पालेभाजी मूळची इथलीच. जवळच्या कोमात्सुगावावरून तिचं नाव पडलं म्हणतात. लसूण-मिरचीवर परतून वर दाण्याचं कूट घातलं आणि थोडी त्यांनाही दिली. मग डब्यांची ये-जा थांबलीच नाही.

काम कळल्यावर त्यांनी वाया गेलेला एक नमुना मागून घेतला आणि बाल्कनीत काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. चिमट्याने ते बाजूला करत त्यांनी केसासारख्या तारेचे वेढे अख्खे बाहेर काढले, टोकाला चिप आणि मध्ये आमचा दिवा. भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "दिवा चिपच्या ताटात जेवतोय."

दुखणं तेच होतं. दिवा ठसठशीत दिसावा म्हणून जास्त वीज द्यावी, तर चिप उपाशी राहते आणि कार्ड यंत्राला अगदी चिकटवावं लागतं. दिव्याला त्याचं स्वतंत्र छोटं वेटोळं द्यावं, असं त्यांनी सुचवलं. कल्पना जगावेगळी नव्हती, पण दोन वेटोळी शेजारी आली की एकमेकांचा सूर बिघडवतात. ती किती अंतरावर ठेवायची, वेढे किती घ्यायचे, हे त्यांनी माझ्या शेजारी बसून हाताने गुंडाळून दाखवलं. तार ओढताना बोटाला ताण कसा जाणवायला हवा, हे कुठल्याही सॉफ्टवेअरने मला सांगितलं नसतं. आणि हे सगळं ०.७६ मिलिमीटर जाडीत!

दुसरा उपकार त्याहून मोठा. गिऱ्हाइकाला दिवा हवा होता हिरव्या 'बरोबर'च्या खुणेत. मी नमुना फोनच्या पाठीशी धरून दाखवला. फोन कार्डाच्या शोधात थांबून थांबून साद घालतो, म्हणून दिवा लुकलुकला. आजोबांनी लगेच कार्ड उचलून घेतलं. "झालं ना?" व्यवहार सुरूसुद्धा झाला नव्हता. आमचा दिवा 'यंत्र भेटलं' एवढंच सांगतो, 'पैसे पोचले' हे त्याला कळत नाही. हिरवी खूण पाहिली की माणूस मात्र हात मागे घेणार. रेल्वे स्थानकांवरच्या सुइका कार्डाच्या फाटकांचं डिझाइन करताना शुन्जी यामानाका यांनी कार्ड टेकवायची जागा उजळवली आणि १३.५ अंशांनी तिरकी केली, तीही 'इथे टेकवा' एवढंच सांगायला. झाल्याचा निरोप फाटक वेगळा देतं.

खूण गेली. तिच्या जागी नदीकाठची आतषबाजी आली. दर ऑगस्टमधल्या एदोगावाच्या या सोहळ्यात पहिल्या पाच सेकंदांत हजार बार उडतात आणि बघणारा तिथून पुढे मान वर करून बसतो. सुरुवातीचा दिवा म्हणून ते चित्र मला पटलं. गिऱ्हाइकाने कुरकुर केली, मग घेतलं.

आजोबा स्वतः भाजीवाल्याकडे नाणी मोजूनच देतात. तयार कार्ड त्यांनी भिंगाखाली धरलं, दिव्यापाशी पृष्ठभाग किंचित उचललेला आहे हे बोटाने हेरलं आणि मग विचारलं, "मुदत संपली की या दिव्याचं काय करता?" कातरून टाकतात, म्हटलं. ते त्यांना पटलं नाही. चांगला चालणारा भाग कचऱ्यात, हे त्यांच्या कारखान्यात कुणी खपवून घेतलं नसतं. हल्ली पुढच्या नमुन्यात दिव्याचा तुकडा वेगळा काढता येईल का, ते बघतेय. उष्णतेने दाबलेले थर काही केल्या सुटत नाहीत, आणि दर वेळी अ‍ॅसिटोनची बरणी थोडीच वापरता येणार!