खुडूक कोंबडी आणि राखेतलं बी

होळी झाली की धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या लोहाऱ्यात ऊन तापायला लागतं. पुस्तकातला वसंत मोहराचा आणि कोकिळेचा असतो; आमचा वसंत दोन कामांचा होता. परसात वेलाचं बी टोकायचं आणि खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर बसवायची. ज्वारीची रास घरात आलेली असे, रानातली घाई थोडी ओसरलेली असे आणि बायकांचे हात जरा मोकळे झालेले असत. 1972च्या दुष्काळानंतर जन्मलेल्या आणि 1993च्या भूकंपापर्यंत कळत्या झालेल्या आमच्या पिढीने ही दोन्ही कामं आई-आजीच्या मागे मागे फिरून पाहिली.

बी घरचंच असे. दोडका, घोसाळं, दुधी, कारलं यांचं बी राख लावून गाडग्यात भरलेलं. काकडीचं आणि भोपळ्याचं बी शेणाच्या गोळ्यात दाबून तो गोळा भिंतीला थापलेला. राखेमुळे कीड लागत नसे, शेण वाळून घट्ट झालं की उंदराचं आणि ओलीचं भय कमी होई. फाल्गुनात तो गोळा फोडायचा, बी रात्रभर पाण्यात टाकायचं. तरंगलं ते टाकून द्यायचं, बुडालं ते ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ उबेला ठेवायचं. तिकडे न्हाणीचं सांडपाणी जिथे जाई तिथेच आळं केलेलं असे. त्यात शेणखत, थोडी राख आणि कोंबड्यांच्या खुराड्यातलं मुरलेलं खत. ताजं खत फार उष्ण, ते कोवळी मुळं जाळतं, म्हणून खुराडं झाडलेलं सगळं आधी उकिरड्यात मुरवायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं, पण घरात कुणी चुकतही नव्हतं.

आता बियाण्याची पाकिटं दुकानात मिळतात, रोपवाटिकेत ट्रेमध्ये तयार रोपं मिळतात. ती उगवतात, जोमाने वाढतात, फळ एकसारखं देतात. आमच्या गोळ्यातल्या बियांत निम्म्या कधी कधी फुकट जात आणि पुढच्या दारचा कडू दोडका परागातून मिसळला की त्या बियांचा आमचा पुढच्या वर्षीचा दोडकाही कडू निघे. ठिबकची एक नळी आता जे करते, त्यासाठी तेव्हा आडातून किती घागरी शेंदाव्या लागत, हे शेंदणाऱ्या हातांनाच माहीत. तरी एक गोष्ट सलते. संकरित फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर ते आईवर जात नाही, भलतंच निघतं. म्हणजे वेल वाळला की आपलं आणि त्याचं नातं संपलं. दरवर्षी नवं पाकीट, दरवर्षी पहिल्यापासून ओळख.

कोंबडीचंही अगदी तसंच झालं, आणि मला वाटतं, ते कमी लोकांच्या लक्षात आलं.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी देऊन थांबते आणि खुडूक होते. खुराड्यातून उठत नाही, हात घातला की अंग फुलवून चोच मारते, एकाच सुरात खुडखुड करत राहते. बसवायची नसेल तर तिला पाण्यात बुचकळून खुडूक मोडायची. बसवायची असेल तर मात्र घरभर लगबग. जुन्या टोपलीत भुसा आणि राख, वर मऊ चिंध्या. अंडी विषम संख्येने, नऊ किंवा अकरा. वीज कडाडली तर अंडी खराब होतात या समजुतीने टोपलीत लोखंडाचा तुकडा. सातआठ दिवसांनी रात्री कंदिलासमोर एकेक अंडं धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर परत पोटाखाली, नितळ दिसलं तर बाजूला. एकविसाव्या दिवशी कवचाला आतून टोचा पडे, आणि आम्ही मुलं शाळेत जायला तयार नसू.

पिलं निघाली की त्यांच्या खाण्याची सोय. मडक्यात शेण, ओला कडबा आणि गोणपाटाचा तुकडा भरून ते रात्री उकिरड्याच्या कडेला जमिनीवर पालथं घालायचं. सकाळी उचललं की आत वाळवी लागलेली. पिलांपुढे ते मडकं झटकलं की क्षणात सगळं साफ. घार फिरायला लागली की पिलं डालग्याखाली. कुणाची कुठली हे कळावं म्हणून पायाला रंगीत चिंधी. आणि वेलाच्या आळ्याभोवती बोरीच्या काट्या, कारण ओल्या मातीत पाय मारायला कोंबड्यांना फार आवडतं. एका दुपारात त्यांनी सगळं आळं उकरून ठेवलेलं असे.

आता वनराज, गिरिराजची पिलं मोटारसायकलवरचा माणूस दारात आणून विकतो. उबवणयंत्र साडेसदतीस अंश तापमान राखतं, अंडी आपोआप फिरवतं. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देई. लेअर कोंबडी तीनशेच्या आसपास देते. 1982मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, त्यानंतर अंडं हे पाहुण्यासाठी किंवा आजाऱ्यासाठी राखून ठेवायची वस्तू राहिलं नाही, आणि ते चांगलंच झालं. आमच्या लहानपणी घरची अंडी बहुतेक बाजारालाच जात. कोंबडी सांभाळणारी बाई स्वतः अंडं खाताना आम्ही क्वचितच पाहिली. पण या सुधारित कोंबड्यांची बसण्याची वृत्तीच निवडीतून मोडत गेली. त्या अंडं देतात आणि निघून जातात. तिथेही तेच, दरवर्षी नवी पिलं, दरवर्षी नवा खर्च.

जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणायला मन धजत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेतची साथ, आली की आठवड्याभरात अख्ख्या आळीतली खुराडी ओस पडत. आज लासोटा लसीच्या थेंबांनी तो रोग आवरता येतो. खुराडं बहुधा घरातच, ओसरीच्या कोपऱ्यात, आणि रांगतं मूल त्याच जमिनीवर. बियांची आणि अंड्यांची जी देवघेव आम्ही इतक्या मायेने आठवतो, तीही सगळ्या दारांवरून जात नव्हती. गावाच्या कडेला राहणाऱ्यांचं बी कुणाच्या आळ्यात पडत नसे. ते आठवताना गप्प बसणं बरोबर नाही.

आणि माळवद, म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छत. चैत्र-वैशाखात पांढऱ्या मातीचा नवा थर टाकणं हेही आमचं वसंतातलंच काम होतं. दोडक्याचा वेल जाड दगडी भिंतीवरून त्या माळवदावर चढे, पसरे, दुपारी खालची खोली गार राही. त्याच भिंतीच्या कोनाड्यात बियांचं गाडगं, त्याच भिंतीच्या पायथ्याशी खुराडं. वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेला. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत त्याच भिंती आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. आमच्या आठवणीतल्या गारव्याचं वजन किती होतं, ते तेव्हा कळलं.

नंतर पुनर्वसनाची गावं वसली, रुंद रस्ते आणि मोकळ्या प्लॉटांची. सुरुवातीला तिथे झाडही नव्हतं आणि शेजारही लांब होता. पण भूकंपानंतरच्या त्याच कामातून उभ्या राहिलेल्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने आमच्या जिल्ह्यातल्या बायकांना एका एकरात घरची भाजी, डाळी, धान्य आणि जोडीला कोंबड्या असा मेळ घालायला बळ दिलं. संस्थेला 2016मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.  जमिनीचा तुकडा बाईच्या निर्णयाने पिकतो, हे आमच्या आयांच्या वेळी नव्हतं. त्यांच्या हाती परस होतं, पण शेत नव्हतं.

मग हळहळ कशाची? मला वाटतं, मागायला जाण्याची. "मावशी, तुमची खुडूक झालीय का? आमची अंडी घालता का तिच्या पोटाखाली?" असं विचारत दारात जाता येई. निघालेल्या पिलांचा निम्मा वाटा कोंबडीवालीचा, निम्मा अंडीवालीचा. सासरी निघालेल्या लेकीच्या ओटीत खोबऱ्याबरोबर भोपळ्याच्या बियांची पुरचुंडी जाई. भांडणंही होत, कोंबडी कुणाच्या वाफ्यात शिरली यावरून आठ-आठ दिवस अबोला. तरी दोन घरांत काहीतरी उसनं असे, आणि फेडायला पुन्हा जावं लागे. पाकीट आणि यंत्र या दोन्हींनी मागण्याची गरज संपवली. गरज संपणं ही प्रगतीच आहे, हे मान्य करूनही मला त्या येण्याजाण्याची चुटपुट लागते.

ती देवघेव पूर्ण गेलेली नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरचं गावरान बी गोळा करून बियाणं बँक उभी केली. त्यासाठी 2020चा पद्मश्री त्यांना मिळाला. आपल्याला बँक नको, एक वेल पुरे. लस जरूर द्यावी, ठिबक जरूर लावावं, बाजारातली रोपंही आणावीत. त्यांच्याशेजारी एक आळं गावरान दोडक्याचं ठेवावं आणि मधल्या बहरातलं एक चांगलं फळ तोडू नये. ते वेलावरच वाळून आतलं बी खुळखुळू लागलं की उतरवावं, राख लावून ठेवावं. आणि कोंबड्यांत दोन-तीन तरी गावरान असाव्यात, म्हणजे पुढच्या फाल्गुनात आळीतल्या एखादीला आपल्या दारी अंडी घेऊन येता येईल.