तपकीर गल्लीच्या फेऱ्या

२ ऑगस्ट २०२३, बुधवार
मशीन चालू केलं. देवपूजा आटोपून आलो. अजून गोल फिरतंय.

५ ऑगस्ट
दिवाळी अंकाचा पहिला मजकूर आला. संपादकबाईंचा फोन. गेल्या वर्षी १९२ पानं होती, यंदा १६०. दोन फर्मे गेले. कागद परवडत नाही म्हणाल्या. मी काहीच बोललो नाही.

९ ऑगस्ट
डिस्क कटकटतेय. क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं. पिवळं. वाचता न आलेले आठ सेक्टर. भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "मामा, आता तरी एसएसडी घे."

१२ ऑगस्ट, शनिवार
तपकीर गल्ली. भुरभुर पाऊस, पायात चिखल, दुकानात गर्दी नाही. भाव लिहून आणले.
५०० जीबी, साधी, डीरॅम नसलेली, ३ वर्षं वॉरंटी: २,१५०.
५०० जीबी, डीरॅमवाली, ५ वर्षं: ३,४००.
भाच्याला पाहिजे ती, १ टीबी एनव्हीएमई, खोक्यावर ५,००० एमबी: ४,८००.
तिसरी पाहून जीव हरखला. घरी येऊन मशीन उघडलं. एच८१ बोर्ड, तिला खाचच नाही. नुसता साटा. त्याची वेस ६ गिगाबिटला, पदरात पडतात साडेपाचशे एमबी. तिसरी घ्यायची तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळंच. पस्तीस हजार. वही मिटली.

१३ ऑगस्ट, रविवार
झोप नाही. हिशेब केला.
तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते. एक फेरी ८ मिलिसेकंदांहून थोडी जास्त. नेमकी जागा खाली यायला सरासरी अर्धी फेरी, ४. मुंडकं सरकायला आणखी ८-९. सेकंदाला उड्या ऐंशीच्या आत-बाहेर. पेजमेकर उघडतो तेव्हा फॉन्ट एकीकडे, चित्रं दुसरीकडे, हजारो तुकडे. म्हणून देवपूजा होते.
एसएसडीला एका तुकड्याला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा, तोही फार झाला.
खोक्यावरचे ५,००० हे सलग एकच मोठी फाइल वाचतानाचे. मी दिवसभरात सलग असं काय वाचतो? डिस्क सोडून साटावर गेलो तर आळीला कळेल. साटा सोडून एनव्हीएमईवर गेलो तर मला तरी कळेल का?
भाच्याला हे पटत नाही. त्याला गेम खेळायचे असतात.

१७ ऑगस्ट
आयुष्याचं गणित. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओची माहिती वाचली. ५०० जीबीवाली ३०० टीबी लिहीपर्यंत वॉरंटीत, किंवा ५ वर्षं, जे आधी संपेल ते. मी दिवसाला फार तर २० जीबी लिहीत असेन. १५,००० दिवस. एक्केचाळीस वर्षं. माझं वय ५४.
हिला सांगितलं. म्हणाली, "मग तिच्या नावावर घर करा."

२० ऑगस्ट, रविवार
२००८ साली इंटेलची एक्स२५-एम आली. ८० जीबीला ५९५ डॉलर, जीबीला सात डॉलरच्या वर. आता जीबीला सात रुपयेसुद्धा नाहीत. आणि मी बाराशे रुपयांवर आठवडाभर अडलोय.

२६ ऑगस्ट
पेपरात बातमी. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन आवरलंय, माल पडून आहे. भाचा म्हणतो, भाव चढणार, आत्ताच घे. मला वाटतं, वर्षभर उतरतच आलाय, अजून उतरेल. गणपतीनंतर बघू.

३ सप्टेंबर, रविवार
भाचा आला. क्यूएलसी म्हणजे काय ते त्याने समजावलं. मला अण्णांची खिळ्यांची केस आठवली. एका खणात एकाच अक्षराचे खिळे असले की हात आपोआप चालतो. इथे एका खणात चार बिट. म्हणजे विजेच्या सोळा पातळ्या ओळखायच्या. टीएलसीत तीन बिट, आठ पातळ्या. जितकी दाटी तितकी स्वस्त, तितकी मंद, झीजही लवकर.
मग खोक्यावर ५३० एमबी लिहितात ते कसे? थोडे खण रिकामे राखतात आणि त्यात एकेकच बिट भरतात. आलेला माल भराभर तिथे उतरतो, सवडीने आत लावला जातो. जुळवलेले खिळे तात्पुरते ठेवायची गॅलीच ती. गॅली भरली की खरी चाल दिसते. ८७० क्यूव्हीओच्या १ टीबीवालीला कंपनीच्याच कागदावर पुढचा वेग ८० एमबी दिलाय. माझी म्हातारी डिस्क सलग लिहिताना याहून पळते.
खोकी दिसायला सारखीच. काहींवर टीएलसी की क्यूएलसी हेही छापत नाहीत. नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात ती गोष्ट वेगळी.

१९ सप्टेंबर
गणपती बसले. मशीन बंद.

२३ सप्टेंबर, शनिवार
पान ८१ ची फाइल तीन वेळा क्लिक केल्यावर उघडली. सेक्टर एकवीस.

३ ऑक्टोबर, मंगळवार
दुपारी तीन. निळा पडदा. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा. तिसऱ्यांदा उठलं. कॉपी करायला घेतलं तर ८१ ते ९६ वाचतच नाही. अख्खा फर्मा.
आवाज ऐकवत नाही.

४ ऑक्टोबर
उघडण्याआधीच गल्लीत हजर. साधी २,४५०. डीरॅमवाली ३,९००. पाचशे रुपये चढली, सव्वा महिन्यापूर्वी भाचा बोलला तसंच. दुकानदार साधी काढून पुढे ठेवत होता. "काका, तुमच्या कामाला ही रगड झाली." खोटं नव्हतं. टायपिंगला, पानं लावायला फरक पडणार नाही. फरक वॉरंटीचा. तीन की पाच.
अंक अजून पाच वर्षं निघणार आहे का, हे दुकानदाराला काय विचारायचं.
३,९०० दिले. यूपीएसची बॅटरी पुढच्या महिन्यात.

५ ऑक्टोबर
क्लोन. अकरा तास. अडलेल्या सेक्टरपाशी तो थांबायचा, मी थांबायचो. रात्री एकला संपला.

६ ऑक्टोबर
चालू झालं. पण वेग मोजला तर २७०. माल खोटा म्हणून सकाळभर मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घातल्या. मग बोर्डाचं पुस्तक काढलं. एच८१ ला साटाचे चार पोर्ट, दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ चे. वायर चुकीच्या पोर्टात. बदलली. ५३०.
त्या २७० वरसुद्धा पेजमेकर झटकन उघडत होता. मोजलं नसतं तर आयुष्यभर कळलं नसतं.

७ ऑक्टोबर
८१ ते ९६ पुन्हा टाइप. संपादकबाईंकडची प्रुफं वाचली होती, पेन्सिलीच्या खुणांसकट. बोटं दुखतात. एक चूक दुसऱ्यांदा तशीच केली, खूण समोर असून.

१० ऑक्टोबर
मशीन चालू करून देवघराकडे वळलो. वातीला तेल लागायच्या आत मागे टिंग झालं. पूजा सावकाश केली.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना
भाच्याने यूएसबीची १ टीबी एसएसडी भेट आणली, बॅकअपसाठी. १८० जीबी चढवायला लावले. पहिले चाळीसएक जीबी वाऱ्यासारखे. मग ६५ एमबी, शेवटपर्यंत. भाचा खोकं उलटंपालटं करून बघत होता. मी गॅली म्हणालो. तो हसला नाही. मुलाने स्वतःच्या पगारातून आणलेली.

१८ ऑक्टोबर
जुने अंक, २००४ पासूनचे, कशावर ठेवायचे? एसएसडीवर घालून माळ्यावर टाकणार होतो. मग जेडेकचं मानक वाचलं. लिहून लिहून मर्यादा संपलेली घरगुती ड्राइव्ह ३० अंशांवर विजेविना वर्षभर मजकूर टिकवेल, एवढीच अट. माळ्यावर एप्रिलमध्ये ३० अंश कुठले. नवी ड्राइव्ह जास्त टिकते, तरी. एक साधी हार्डडिस्क घेतली. वर्षातून एकदा फिरवून बघायची.

२४ ऑक्टोबर, दसरा
मशीनला झेंडूची माळ. आत काही फिरत नाही आता. नुसता पंखा. जुनी कटकटून सांगायची तरी.

४ नोव्हेंबर, शनिवार
अंक छापून आला. ८१ ते ९६ आधी पाहिली. ती चूक गेलीच आत.
बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बहुतेक पीडीएफच. लावणी तुम्हीच करा.
ड्राइव्हचं बिल सापडेना. दोन तास शोधलं. दिवाळीच्या सामानाच्या पिशवीत होतं. अण्णांच्या केसमध्ये, 'ज्ञ'च्या खणात ठेवलं. तो खण कधी फारसा लागायचा नाही. ऑक्टोबर २०२८ पर्यंत.