बाबांचे पाहुणे

आई गेली आणि बाबांचं बोलणंच खुंटलं. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. सकाळी पेपर उघडायचे, पण पान उलटायचे नाहीत. काही विचारलं तर ‘हो’, ‘नको’, ‘बघू’ एवढंच. बाकी वेळ गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. समोर अख्खा अजिंक्यतारा. त्याच्याकडे तरी बघतात की नाही, कळायचं नाही.

त्याच वर्षी आमच्या बँकेत भंडाऱ्याहून एक सहकारी बदलून आला. बायको-मुलं तिकडेच, हा पोवई नाक्याजवळ खोली घेऊन एकटा. टेबलं शेजारी, दुपारचा डबा एकत्र, मैत्री जमली. सातारा बघायचाय, संगतीला कोणी असेल तर बरं, असं तो एकदा म्हणाला. माझे रविवार घरकामात आणि मुलाच्या अभ्यासात जायचे. मी त्याला जेवायला बोलावलं आणि बाबांसमोरच विषय काढला. बाबांनी ताटावरून मान वर केली. ‘पावणं चालणार का रिक्षानं हिंडणार?’

‘चालीन न, काकाजी.’

सज्जनगड, ठोसेघर, कासची फुलं हे सगळं बाबांनी मागे ठेवलं. ते काय कुणीही दाखवील, म्हणाले. नव्या गावात माणसानं आधी गाव पाणी कुठलं पितं ते बघावं, हा त्यांचा शाळेपासूनचा हट्ट. म्हणून सुरुवात महादरे तळ्यापासून, आणि मग एसटीनं यवतेश्वरचा घाट चढून कास तलाव. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या या तलावाचं पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने साताऱ्यात उतरतं. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. पाहुण्याने पाटाचा उतार, गाळ, गळती अशा प्रश्नांची सरबत्ती लावली, आणि मग आपल्याकडचे मामा तलाव सांगितले. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारांच्या काळात बांधलेले, ज्यांच्या पाण्यावर धान पिकतं आणि ज्यांत मासेमारी चालते. त्या रात्री जेवताना बाबांनी ते सगळं मला पहिल्यापासून सांगितलं. मध्येच थांबून ‘आमटी वाढ अजून थोडी’ म्हणाले. आमटी आणायला मी आत गेले, ती जरा वेळ ओट्याशीच उभी राहिले.

पुढे रविवार ठरूनच गेला. शनिवारी संध्याकाळी कॅनव्हासचे बूट दाराशी यायचे आणि वीजबिलाच्या पाठीवर दुसऱ्या दिवसाचा रस्ता लिहिला जायचा. कधी संगम माहुली, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथली घाट-मंदिरं. कधी चारभिंती. तिथे बसून बाबांनी त्याला रंगो बापूजी सांगितले. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं झगडलेला माणूस. परतताना मोती चौकातून कंदी पेढे ठरलेले, डॉक्टरांनी बाबांना गोड बंद केलेलं असूनही.

मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले, अजिंक्यताऱ्यावर. उत्तरेच्या तटावर उभं राहून बाबा छत्रीच्या टोकाने डावीकडून उजवीकडे डोंगर दाखवत होते: यवतेश्वर, चंदन-वंदन, कल्याणगड, जरंडेश्वर. पाहुण्याने कल्याणगड आणि जरंडा उलटसुलट केले. बाबांनी छत्री पुन्हा डावीकडे नेली. ‘हं, म्हणा.’ चाळिशीतला तो बँकेचा अधिकारी वर्गात उभं केल्यासारखा सावरून उभा राहिला आणि सगळी नावं न अडखळता म्हणाला. मग मंगळाईच्या बुरुजाकडे गेलो. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने इथे सुरुंग लावले आणि ढासळलेला तट त्यांच्याच माणसांवर कोसळला, ती हकिगत सांगताना बाबांचा आवाज चढला. आमच्या मागे एक सहल आली होती. त्यातली मुलं हळूहळू जवळ सरकली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता.

प्रतापसिंह हायस्कूल मात्र पाहुण्याने स्वतः मागितलं. राजवाड्यातल्या या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर इंग्रजी पहिलीत दाखल झाले. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पाहुण्याने दारात चपला काढल्या. ते पाहून बाबांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. वाकणं त्यांना जड जायचं, म्हणून पाहुण्याने त्यांचा दंड धरला. हे बाबांनीच मला सांगितलं, घरी आल्या आल्या, खुर्चीत बसायच्याही आधी.

पुढे त्याची नागपूरला बदली झाली. बाबा पुन्हा गप्प होतील या धास्तीत मी होते. पण तोवर त्यांना हिंडायची सवय लागली होती. शेजारची पोरं, वाड्यात नवीन आलेलं बिऱ्हाड, ज्याला सवड असेल त्याला घेऊन निघायचे. अंथरूण धरेपर्यंत हे चालू होतं. नागपूरचा फोन आला की पहिला प्रश्न: ‘पावणं, यंदा तलाव भरले का?’

बाबा गेल्यावर तो सपत्नीक आला. वहिनींना मी प्रथमच भेटत होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘सुट्टीला सुट्टी जोडून घरी यायचं ठरलेलं असे. मग फोन यायचा, या वेळी नाही जमत, काकाजींचा रविवार आहे. मुलं रुसायची. मीच समजावायची त्यांना.’ मला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने कधी सांगितलं नाही, आणि मी तरी कधी विचारलं होतं? बाबांना मिळालेल्या त्या रविवारांतले काही भंडाऱ्यातल्या दोन लेकरांच्या वाट्याचे होते. माझं देणं त्या एका मित्रापुरतं नाही. ते त्या मुलांचंही आहे, त्यांची समजूत घालणाऱ्या वहिनींचंही आहे. फिटणारं नाही, आणि मला ते फेडून मोकळंही व्हायचं नाही.

माझा मुलगा यंदा शिकायला नागपूरला गेला. वसतिगृहात सामान टाकलं त्याच आठवड्यात काका त्याला अंबाझरी तलावावर घेऊन गेले; पूर्वी शहराला इथूनच पाणी जायचं, म्हणून आधी इथे. मग दीक्षाभूमी, झिरो माइल. वहिनी दर रविवारी त्याला जेवायला बोलावतात. सीताबर्डीचा किल्ला तेवढा राहिलाय. तो लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो. २६ जानेवारीला सगळे जाणार आहेत. मी तिकीट काढलं आहे.