मलिहाबादचा टपका

लखनऊहून मलिहाबादकडे निघालं, की काकोरी मागे पडता पडताच दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा सुरू होतात. जूनअखेर गेले होते, सगळीकडे दशहरी! झाडावरच पिकून आपोआप गळणाऱ्या फळाला इथे 'टपका' म्हणतात. बागेत बसले होते, मागे धप्प आवाज झाला आणि मला चक्क एक तमिळ कविता आठवली.

हसू नका. बीएला इंग्लिश घेतलं होतं, तेव्हा ए. के. रामानुजन यांच्या अनुवादात ती भेटली होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'कुरुन्तोकै' संग्रहातली आठवी कविता, कवी आलंकुडि वंगनार. बोलणारी आहे 'परत्तै', म्हणजे लग्न झालेल्या पुरुषाची बाहेरची सोबतीण. बायकोने तिला नावं ठेवली आहेत. त्यावर ती त्या पुरुषाच्या गावाचं वर्णन करते. तिथे शेताच्या कडेच्या झाडावरून पिकला आंबा तळ्यात पडतो आणि मासा तो आयता गट्ट करतो. म्हणजे, मी कुठे ओढलं त्याला? स्वतःच येऊन पडला! पुढचा टोमणा तर भारीच. आमच्याकडे मोठमोठ्या बाता मारणारा हा गडी घरी गेला, की आरशातल्या बाहुलीसारखा मुलाच्या आईपुढे हातपाय हलवतो.

जुन्या तमिळ साहित्यात अशा स्त्रीला बोलू दिलं आहे, हे मला फार आवडतं. 'शिलप्पदिकारम्' या महाकाव्यातली नर्तकी माधवीही नुसती घर फोडणारी बाई नाही. एका गाण्यावरून संशय घेऊन कोवलन तिला सोडून जातो, तेव्हा ती त्याला पत्र लिहिते.

मलिहाबादहून परतताना लखनऊचा चौक गाठला. मिर्झा हादी रुसवा यांच्या 'उमराव जान अदा' (१८९९) कादंबरीतला कोठा याच भागातला. उमरावही आपली गोष्ट स्वतःच सांगते. फैजाबादच्या छोट्या अमीरनला पळवून इथे विकलं जातं. गाणं, शायरी, अदब सगळं ती शिकते, नाव कमावते. खूप वर्षांनी फैजाबादला आई भेटते, दोघी रडतात. भाऊ मात्र तिला घरात घेत नाही.

कॉलेजात त्या परत्तैच्या टोमण्यावर मी खूप हसले होते. आता त्याच ओळींपाशी अडते. तो निदान घरी तरी जातो. ती कुठे जाते, हे कवितेत नाही.

बागेत हे सगळं डोक्यात चालू असताना बागवान चाचांनी पाण्याच्या बादलीतले चार टपके पुढे केले. त्यांना माशाची गोष्ट काही सांगितली नाही.