डांबर कुठून येतं, आणि भरपाई का मिळत नाही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण आपल्या किनाऱ्याची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मे महिना संपत आला, वारा नैर्ऋत्येचा झाला की मला एक फोन ठरलेला. "भाऊ, परत डांबर इला." मी जातो, फोटो काढतो, बातमी देतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मालवणपासून गोव्यापर्यंत हे काळे चिकट गोळे सगळ्यांनी पाहिलेत. पर्यटकाच्या चपलेला लागले तर तो रॉकेलनं पुसून मोकळा होतो. रापणकराच्या जाळ्यात अडकले तर तेवढं जाळं कापूनच टाकावं लागतं.

हे डांबर रस्त्याचं नाही. समुद्रात सांडलेलं किंवा सोडलेलं खनिज तेल लाटांनी घुसळून, हलका भाग उडून गेल्यावर उरतं, त्याचे हे गोळे. काही तेलविहिरींच्या परिसरातलं, काही जहाजांचं.

आता जहाजांनी तेल सोडायचं नाही असा कायदा नाही का? आहे, आणि चांगला कडक आहे. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ टोरी कॅनियन नावाचा टँकर खडकावर चढला आणि लाखभर टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात गेलं. तेव्हा जग हललं. १९७३ मध्ये 'मारपोल' करार झाला, १९७८ मध्ये त्याला जोड मिळाली आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून तो लागू झाला. आपला देशही त्यात आहे.

त्यात सहा भाग आहेत. तेल, घातक द्रव रसायनं, पॅकबंद घातक माल, सांडपाणी, कचरा आणि धूर. प्लॅस्टिक तर जगातल्या कुठल्याच समुद्रात टाकायचं नाही. इंजिनखोलीच्या तळाशी तेलकट पाणी साचतं, त्याला खलाशी बिल्ज म्हणतात. ते गाळून, दहा लाख भाग पाण्यात तेल पंधरा भागांपेक्षा जास्त नसेल तरच, आणि चालत्या जहाजातूनच सोडायचं. टँकरनं टाक्या धुतलेलं पाणी किनाऱ्यापासून पन्नास सागरी मैलांच्या आत सोडायचंच नाही. प्रत्येक वेळची नोंद तेलाच्या वहीत, आणि ती वही शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षं जपून ठेवायची.

मग गाडं अडतं कुठे? खर्चात. तेलाचा गाळ बंदरावर उतरवायला पैसे लागतात, वेळ लागतो. रात्री समुद्रात सोडला तर फुकट. गाळणी यंत्राला वळसा घालून थेट बाहेर जाणारा चोरपाइप लावतात, त्याला जहाजावर 'मॅजिक पाइप' म्हणतात. वहीत मात्र सगळं छान लिहिलेलं. शिवाय जहाज एका देशाचं, झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा, खलाशी तिसऱ्याच देशाचे. खोल समुद्रातल्या गुन्ह्याची कारवाई मुख्यतः झेंडेवाल्या देशाकडे.

तरीही पकडता येतं. २०१३ मध्ये प्रिन्सेस कंपनीच्या एका क्रूझवर नव्यानेच लागलेल्या इंजिनिअरनं असा पाइप पाहिला आणि ब्रिटिश यंत्रणेला कळवलं. अमेरिकेत खटला चालला, २०१६ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि दंड ठरला चार कोटी डॉलर. तिथला कायदा तर माहिती देणाऱ्याला दंडातला अर्ध्यापर्यंत वाटा देऊ शकतो. आपल्या गावागावांतली पोरं जहाजांवर आहेत. ही गोष्ट त्यांच्यासाठीही लिहितोय.

आता मूळ मुद्दा. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या एका रापण संघाबरोबर मी भरपाईसाठी एका कार्यालयात जाऊन बसलो. उत्तर आलं, "जहाजाचं नाव लिहा, मग बघू." अहो, रात्री चाळीस मैलांवरून गेलेल्या जहाजाचं नाव रापणकर काकांनी कुठून आणायचं?

आणि गंमत अशी की नाव दरवेळी लागतंच असं नाही. तेल टँकरांमुळे झालेल्या नुकसानीसाठी १९९२ चा आंतरराष्ट्रीय भरपाई निधी आहे. भारत त्याचा सदस्य आहे. तेल टँकरचंच होतं हे सिद्ध झालं, तर नेमका टँकर कुठला हे न कळताही तिथे दावा करता येतो. पण सिद्ध कशावरून करणार? नमुन्यावरून. तेलालाही बोटाच्या ठशासारखी ओळख असते. कच्चं तेल की इंजिनात जाळायचं, हे प्रयोगशाळा सांगू शकते. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं या गोळ्यांवर असं काम केलेलं आहे.

आपल्याकडे मात्र गोळे घमेल्यात भरून वाळूत पुरतात. पुरावा तिथेच गाडला जातो.

म्हणून मागणी साधी आहे. डांबर आलं की पंचनाम्यात तारीख, जागा आणि खराब झालेल्या जाळ्याची लांबी लिहा. नमुना काचेच्या बाटलीत सील करून तपासणीला पाठवा. अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. मसुदा मी लिहून देतो, ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. आणि यंदा डांबर दिसलं तर पुरण्याआधी फोटो आणि एक बाटली, एवढं नक्की करा.