पाचगणीचा फारोख आणि वेम्बलीचा मंच

१/ रॉक संगीत म्हटले की आपले लक्ष थेट लंडनकडे जाते. या इतिहासाचा एक धागा मात्र आपल्या पाचगणीत आहे. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारोख बुलसारा हा पारशी मुलगा तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला. तेथेच त्याने सोबत्यांसह 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड उभा केला आणि तेथेच तो 'फ्रेडी' झाला. पुढे 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने त्याला ओळखले.

२/ २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी तो गेला. तोवर बँडमधील सोबत्यांनी हे गुपित वृत्तपत्रांपासून जपले होते. एड्स ही समलिंगींना मिळालेली शिक्षा आहे, असे तेव्हा उघड बोलले जाई. अशा काळात मित्रासाठी मौन पाळणे हीदेखील सोबतच होती, असे मी मानतो.

३/ २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर सुमारे ७२,००० श्रोते जमले. मंचावर डेव्हिड बोवी होता, एल्टन जॉन होता आणि 'गन्स एन' रोझेस'चा ॲक्सल रोझही होता. या बँडच्या १९८८ मधील एका गाण्यात समलिंगींसाठी शिवी होती. त्यामुळे एड्सविषयक चळवळीतील कार्यकर्त्यांनी त्यांच्या सहभागावर आक्षेप घेतला. तरीही, स्वतः समलिंगी असलेला एल्टन जॉन त्याच ॲक्सलसोबत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गायला.

४/ एका गाण्याने आधीची शिवी पुसली जाते का? माझ्या मते नाही. कार्यकर्त्यांचा आक्षेप आणि तो मंच, दोन्ही इतिहासात शेजारी शेजारी नोंदवावे लागतात. त्या सोहळ्यानंतर ब्रायन मे, रॉजर टेलर आणि व्यवस्थापक जिम बीच यांनी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' स्थापन केला. एचआयव्ही-एड्सविरुद्धच्या कार्याला त्यातून पैसा मिळत राहिला. टाळ्या विरतात, संस्था उरते.

५/ त्याच मंचावर जॉर्ज मायकलही गायला. आपण त्या वेळी एचआयव्हीग्रस्त जोडीदारासाठी मनोमन प्रार्थना करीत होतो, हे त्याने पुष्कळ नंतर सांगितले. समलिंगी असल्याचे तो जाहीरपणे बोलला १९९८ मध्ये. हजारो लोक सोबतीला उभे असतानाही माणूस बोलू शकत नाही, एवढे ते भय खोल असते.

६/ रोगाला आणि माणसाला एकदम वाळीत टाकण्याची रीत वऱ्हाडालाही ठाऊक आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी घर उभारले, ते याच रीतीविरुद्ध. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० चे कलम ३७७ मात्र आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत टिकले.

७/ आज अकोल्या-अमरावतीत 'क्वीन'ची गाणी मोबाइलवर सहज वाजतात, आणि ती ऐकणारी काही मुले वर्गातल्या एखाद्या हळुवार मुलाची टवाळी करतात. ती टवाळी सुरू असताना आपण हसलो की उठून त्या मुलाशेजारी जाऊन बसलो, आपली बाजू तेवढ्यावरूनच ठरते. त्यासाठी वेम्बलीचा मंच लागत नाही.