धनुष्य आजच्या खांद्यासाठी



श्रावणातला शेवटचा सोमवार उलटला की जुने शहरातील माझ्या दवाखान्यात खांदा धरून येणाऱ्यांची रांग लागते. गांधीग्रामहून पूर्णेचे जल राजराजेश्वराला आणणाऱ्या कावडधाऱ्यांचे ते खांदे. ‘डॉक्टरसाहेब, मांगच्या वर्षी तं काहीच झालं नव्हतं,’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. तेच एके दिवशी माझ्याही तोंडी आले.

मला मधुमेह आहे. त्रेपन्नाव्या वर्षी उजवा खांदा आखडला. मधुमेहींत हे दुखणे अधिक आढळते. वर्षभराच्या व्यायामाने तो मोकळा झाला आणि बालपणीची तिरंदाजीची हौस पुन्हा जागी झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेले साताऱ्याचे प्रवीण जाधव ज्या अमरावतीत ही विद्या शिकले, तिथेच मीही एका प्रशिक्षकांना भेटलो. त्यांनी सुटे होणारे, म्हणजे टेकडाउन रिकर्व्ह धनुष्य सुचवले आणि वीस पौंडांच्या आतच सुरुवात करा, असे बजावले. मी तीस पौंडांचे घेतले. तिसऱ्या आठवड्यात सदऱ्याची बाही चढवता येईना. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “पेशंटला हे करू दिलं असतं का तुम्ही?”

मला तारले ते धनुष्याच्या रचनेनेच. त्याचे तीन भाग असतात: मधली मूठ, म्हणजे रायझर, आणि वरखाली बसणारी दोन पाती. ताकद पात्यांत असते. खांदा बरा झाल्यावर मूठ तीच ठेवून मी तिला जुळणारी सोळा पौंडांची पाती बसवली. बळ वाढले तर पाती बदलावीत, घटले तरीही बदलावीत. त्यात कमीपणा नाही.

आपणांस किंवा घरातील ज्येष्ठांना ही आवड असेल, तर आधी खांदा, मान आणि रक्तदाब तपासून घ्यावा. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे व अडीचने भागावे. दोर किती ओढला जाईल याचा अंदाज येतो. तो सव्वीसच्या आसपास असेल तर सहासष्ट इंची, अठ्ठावीसच्या आसपास असेल तर अडुसष्ट इंची धनुष्य सामान्यतः सोयीचे. पात्यांवरील पौंड अठ्ठावीस इंच ओढीचे असतात. ओढ इंचाने कमी झाली की भार सुमारे दोन पौंडांनी उतरतो. दुकानात दोर पूर्ण ओढून पाहावा. हात थरथरला किंवा श्वास रोखावा लागला, तर ते धनुष्य आपले नव्हे. मात्र बाणाविना दोर कधीही सोडू नये, हळूच परत न्यावा. नाहीतर पाती तडकतात.

वय झाले, आता कशाला, असे कुणी म्हणेल. १९४८ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी सोळा जायबंदी माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचा उगम तिथला. खेळ शरीराप्रमाणे बेतता येतो, हे त्यांनी दाखवले.

म्हणून सांभाळ करणाऱ्यांनो, हौसेला नाही म्हणू नका. भार तेवढा तपासा. आणि ज्येष्ठहो, धनुष्य असो, काठी असो वा कावड, ते आजच्या खांद्याला विचारून निवडा. कालचा खांदा फार बढाया मारतो.